येनाचा भिंगसंग्रह आणि आपली कपाटे

संग्रहाची हौस मराठी माणसाला नवी नाही. पुण्याला जाणारा पाहुणा केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. आपल्या वडोदऱ्यातही नाणी, पोस्टाची तिकिटे, जुन्या लग्नपत्रिका जिवापाड जपणारी माणसे घरोघर आहेत. कॅमेऱ्याची भिंगे, म्हणजे लेन्स, जमवणारे मात्र त्या मानाने थोडे. पण संग्रह कशाचाही असो, संग्राहकाला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच : संग्रह पूर्ण झाला असे केव्हा म्हणायचे?

भिंगांच्या इतिहासात या प्रश्नाचे एक मोठे उदाहरण आहे. जर्मनीतील येना या गावी कार्ल झाइस कारखान्याने आपल्याच भिंगांचा एक संग्रह उभा केला होता. १९४५ साली तो तिथून उचलला गेला. तो कसा उभा राहिला, कसा गेला, आणि तो गेल्यावर काय उरले, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात १८३९ पासून करावी लागेल. त्या वर्षी पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. चित्र सुरेख येई, पण भिंगातून प्रकाश इतका थोडा आत जाई, की माणसाला कित्येक मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी यावर तोड काढली. तोवर भिंगे घासून-पाहून, अंदाजाने बनत. पेट्झवाल यांनी प्रत्येक किरणाचा मार्ग आकडेमोडीने आधी ठरवला. या कामी त्यांना ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली हिशेबात तरबेज असलेली माणसे मदतीला मिळाली. तयार झालेले भिंग आधीच्यापेक्षा सुमारे पंधरापट अधिक प्रकाश आत घेई. फोइग्टलेंडर या कारखानदाराने ते बाजारात आणले आणि माणसांची छायाचित्रे काढणे हा एक धंदा बनला. पुढे दोघांचे बिनसले, पण भिंग कागदावर आधी आणि काचेत नंतर बनते, हा धडा त्यातून कायमचा मिळाला.

तरी एक अडचण राहिलीच. पेट्झवालच्या भिंगातून मध्यभाग धारदार येई आणि कडा पुसट. १८६६ मध्ये लंडनला डालमायर आणि म्युनिकला स्टाइनहाइल या दोघांनी, एकमेकांना न विचारता, जवळजवळ सारखेच सममित भिंग काढले. त्याने सरळ रेषा सरळ दिसू लागल्या, पण काठांचा दोष पुरता गेला नाही. कारण दोष गणितात नव्हता, काचेत होता. ज्या गुणांची काच गणिताला हवी होती, ती कुठल्याच भट्टीत तयार होत नव्हती.

इथे येना गाव कथेत येते. कार्ल झाइस यांनी १८४६ साली तिथे एक छोटी कार्यशाळा उघडली होती. सूक्ष्मदर्शकांचे काम चाले. १८६६ मध्ये त्यांनी विद्यापीठातल्या अर्न्स्ट आबे या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला सोबत घेतले. आबे यांनी सूक्ष्मदर्शकाचे शास्त्र बसवले आणि नव्या काचेशिवाय पुढे जाता येणार नाही हेही ओळखले. काचेचे रसायन जाणणारे ऑटो शॉट त्यांना भेटले आणि १८८४ मध्ये येनात काचेची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. बेरियमसारखी द्रव्ये घालून केलेल्या नव्या काचांनी भिंगकारांचे हात मोकळे केले. आबे हा माणूसही वेगळा होता. झाइस यांच्या निधनानंतर त्यांनी कारखान्याची मालकी एका प्रतिष्ठानाकडे सोपवली, आणि १९०० सालीच तिथे आठ तासांचा कामाचा दिवस लागू झाला.

नव्या काचेचा छायाचित्रणासाठी पहिला मोठा उपयोग केला पॉल रुडॉल्फ यांनी. १८९० मध्ये त्यांचे पहिले ‘ॲनास्टिग्मॅट’ भिंग निघाले आणि काठापर्यंत स्पष्ट चित्र येऊ लागले. योगायोग असा, की त्याच १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली वडोदऱ्यात प्रा. गज्जरांचे कलाभवन सुरू झाले, आणि धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक विद्यार्थी तिथे छायाचित्रण शिकला. भारतीय चित्रपटाच्या जनकाने कॅमेऱ्याशी ओळख वाढवली ती आपल्या गावात.

रुडॉल्फ यांची पुढची दोन भिंगे संग्राहकाने नीट समजून घ्यावीत अशी आहेत. १८९६ चे ‘प्लॅनार’ आणि १९०२ चे ‘टेसार’. प्लॅनारमध्ये सहा काचा चार गटांत बसवलेल्या होत्या, म्हणजे हवेला भिडणारे आठ पृष्ठभाग. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार ते पाच टक्के प्रकाश परत फिरतो. आठ पृष्ठभागांचा हिशेब केला, तर पाव ते एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. नुसता वायाही जात नाही, आतल्या आत उसळून चित्रावर पांढुरकी झाक पसरवतो. गणिताने प्लॅनार उत्तम होते, व्यवहारात पांगळे. टेसारमध्ये चारच काचा, तीन गट आणि सहा पृष्ठभाग. भिंग साधे, स्वस्त आणि लखलखीत. ‘गरुडाचा डोळा’ अशी त्याची जाहिरात होई. बाजार टेसारने जिंकला आणि प्लॅनार मागे पडले.

आता संग्रहाचे महत्त्व ध्यानात येईल. झाइसच्या संग्रहात विकली गेलेली भिंगे होतीच, पण बाजाराचे तोंड कधीही न पाहिलेले प्रायोगिक नमुनेही होते. धंद्याच्या दृष्टीने ती अडगळ. पण भिंगकाराच्या दृष्टीने फसलेले भिंग म्हणजे वेळेआधी आलेले भिंग असू शकते. प्लॅनारचेच पाहा. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून प्रकाशाचे परतणे कमी करण्याची रीत शोधली. जुन्या चष्म्यात समोरच्या माणसाला खिडकीचे प्रतिबिंब दिसते आणि नव्या, थर दिलेल्या चष्म्यात जांभळट-हिरवी छटा दिसते, तो हाच फरक. हा थर आल्यावर आठ पृष्ठभागांची भीती उरली नाही. चाळीस वर्षे मागे पडलेल्या प्लॅनारच्या घराण्याला दिवस आले, आणि पुढे कॅमेऱ्यांवरच्या बहुतेक प्रकाशमान ५० मिलीमीटर भिंगांची रचना याच घराण्यातली झाली.

याच घराण्यातले ‘बायोटार’ हे भिंग १९२७ मध्ये विली मेर्टे यांनी रचले. मेर्टे हे झाइसचे मोठे भिंगकार. त्यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण येनाच्या संग्रहाशी ते शेवटपर्यंत जोडलेले राहिले.

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी फौजा येनात शिरल्या. विजेत्यांच्या आपसातील कराराप्रमाणे तो प्रदेश सोव्हिएत संघाच्या वाट्याला जायचा होता, त्यामुळे अमेरिकनांच्या हाती काही आठवडेच होते. जाताना त्यांनी झाइसचे सुमारे ऐंशी आणि शॉटच्या काचकारखान्याचे ४१ तज्ज्ञ कुटुंबकबिल्यासह पश्चिमेला नेले. भिंगांचा संग्रह अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरने ताब्यात घेतला आणि तो समुद्रापार अमेरिकेला गेला. पन्नासहून अधिक वर्षांच्या कामाचा पट एका उन्हाळ्यात घरातून हलला. पुढे तो एकत्रही राहिला नाही, त्यातली काही भिंगे विक्रीला निघून खासगी हातांत गेली.

मेर्टेही अमेरिकेला गेले. ओहायो राज्यातील डेटनच्या हवाई तळावर त्यांनी झाइसच्या भिंगांची सूची तयार केली. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सूची त्यानंतर प्रसिद्ध झाली. आपल्या आयुष्याचे काम ज्यात होते तो संग्रह परक्या देशात, परक्या सैन्याच्या हाती असताना हा माणूस त्याची कागदावर नोंद करत बसला. भिंगे विखुरली, सूची राहिली. आज एखाद्या लिलावात येनाचे बिननावाचे भिंग आले, तर ते काय आहे हे सांगायला नोंदीचाच आधार लागतो.

जुलै १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा येनात आल्या. पुढे झाइसच्या काँटॅक्स कॅमेऱ्याची यंत्रसामग्री युद्धभरपाई म्हणून किएव्हला गेली आणि तिथे ‘किएव्ह’ नावाने तोच कॅमेरा बनू लागला. लुडविग बेर्टेले यांच्या ‘सोनार’ भिंगाचे तिकडे ‘ज्युपिटर’ झाले आणि मेर्टे यांच्या बायोटारचे ‘हेलिऑस’. पश्चिमेला नेलेल्या तज्ज्ञांनी ओबरकोखेनला दुसरे झाइस उभे केले. एका नावाचे दोन कारखाने झाले आणि नावावरून वर्षानुवर्षे कज्जे चालले. म्हणून पूर्वेकडच्या काही भिंगांवर झाइसचे नाव नसून नुसते ‘येनाहून’ अशा अर्थाचे जर्मन शब्द आणि टेसारसाठी ‘टी’, बायोटारसाठी ‘बी’ एवढेच अक्षर कोरलेले दिसते. तिकडे टोकियोत निप्पॉन कोगाकू कंपनी सोनारच्या धर्तीवर निक्कोर भिंगे बनवत होती. १९५० मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनी ती पारखली, कोरियाच्या युद्धात वापरली, आणि निकॉनचे नाव जगभर झाले.

म्हणजे संग्रह गेला, पण घराणे बुडाले नाही. आपल्याकडच्या गायकीसारखेच हे. एखादा वाडा पडतो, पण बंदिश शिष्यांच्या गळ्यांतून दुसऱ्या गावी जाते, आणि तिथे तिला वेगळे वळण लागते.

ही परंपरा आपल्या घरांपर्यंतही पोहोचली आहे. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयांत चाले. त्या काळात परदेशी कॅमेरे दुर्मिळ आणि महाग असताना झेनिट आणि प्राक्टिका हे अनेक हौशी भारतीयांचे पहिले चांगले कॅमेरे ठरले. झेनिटवरचे हेलिऑस म्हणजे मेर्टे यांच्या बायोटारचा थेट वंशज. एखाद्या काकांनी त्याच कॅमेऱ्याने आपल्या मुंजीचे फोटो काढले असतील, तर येनाचा एक धागा आपल्या अल्बममध्ये आहेच. त्याहून साधा कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक थ्री. तो तर आपल्या वडोदऱ्यात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवला. भिंग अगदी साधे, पण कित्येक घरांतले पहिले छायाचित्र त्यातूनच आले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक कंपनीचे प्रत्येक भिंग जमवायचे ठरवले, तर एका जन्मात होणार नाही, आणि झाइससारख्या कारखान्यालाही जमवलेले राखता आले नाही. पण भिंगांतल्या कल्पना मोजक्या आहेत. एक साधे भिंग, पेट्झवालच्या रीतीचे एक, सममित जोडीचे एक, तीन काचांचे एक, टेसार घराण्यातले एक, प्लॅनार किंवा बायोटार घराण्यातले एक, सोनारच्या धर्तीचे एक, रुंद दृश्य घेणारे एक आणि एक झूम. नऊ भिंगे. ती महाग किंवा नामांकित असण्याची गरज नाही. क्लिक, झेनिट, प्राक्टिका, जुन्या स्टुडिओतला मोठा कॅमेरा एवढ्यातून अर्ध्याहून अधिक मिळतील. कल्पनांचा क्रम पूर्ण झाला, की संग्रह पूर्ण.

जपण्याबाबत दोन गोष्टी. पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते आणि ती काचेवरचा थर खाते. चामड्याच्या पिशवीत ओल धरून राहते, म्हणून भिंग पिशवीतून काढून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे आणि अधूनमधून वापरावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक भिंगामागे एक कागद असावा : ते कोणाचे, केव्हा घेतले, कोणत्या कॅमेऱ्यावर होते, त्यातून काढलेले कोणते फोटो घरात आहेत.

आपल्या गावातले कित्येक जुने स्टुडिओ बंद झाले आणि त्यांचे सामान किलोच्या भावाने गेले. जे गेले ते परत येणार नाही. पण ज्या घरांत वडिलांचा किंवा आजोबांचा कॅमेरा अजून कपाटात आहे, त्यांनी यंदा दिवाळीची साफसफाई काढण्याआधी एक वही घ्यावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून ही माहिती लिहून काढावी. भिंग आणखी पन्नास वर्षे टिकेल, ते माहीत असलेली माणसे मात्र तोवर आपल्यात नसतील.