हेडरच्या पिना आणि त्यांतली वीज

एकबोर्डी संगणकाच्या कडेला पिनांची जी दुहेरी रांग असते, तिला हेडर म्हणतात. तिच्यातल्या बहुतेक पिना संकेतांची ने-आण करतात. दिवा लावणे, बटण दाबले गेले का ते पाहणे, तापमापकाचा आकडा वाचणे ही कामे त्यांच्याकडे. उरलेल्या पिना फक्त वीज देतात, किंवा ग्राउंडच्या रूपाने तिला परतीची वाट देतात. हेडरची माहिती देणाऱ्या पुस्तकांत पानेच्या पाने संकेतांवर खर्ची पडतात आणि विजेच्या पिना चार ओळींत आटोपतात. या संगणकांचा सुमारे पन्नास वर्षांचा प्रवास मात्र त्या चार ओळींतूनच जास्त चांगला कळतो. पिनेची जागा एकदा जाहीर झाली की ती हलवता येत नाही. तिच्यामागे किती वीज उभी करायची, हा हिशेब दर पिढीला नव्याने मांडावा लागतो.

१९७६ साली अमेरिकेतल्या एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीने किम-१ हा बोर्ड २४५ डॉलरला विकायला काढला. त्यावर ६५०२ हा प्रोसेसर, एक किलोबाइट स्मृती, छोटा कळफलक आणि सहा आकडे दाखवणारी दिव्यांची पट्टी होती. टोकदार पिना नव्हत्या. बोर्डाच्या कडेलाच तांब्याच्या पट्ट्यांचे दोन गट होते, प्रत्येकी ४४ पट्ट्यांचे. एक गट वापरणाऱ्याच्या उपकरणांसाठी, दुसरा स्मृती वाढवण्यासाठी. बोर्डाबरोबर वीजपुरवठा मिळत नसे. ज्याने त्याने तो स्वतः जुळवायचा आणि पहिल्या गटातल्या ठरावीक पट्ट्यांना ५ व्होल्ट व ग्राउंड जोडायचे. कॅसेटवर माहिती साठवायची असेल तर १२ व्होल्टही द्यायचे. म्हणजे विस्ताराच्या जोडणीतून वीज बाहेर पडत नव्हती, तिथूनच आत येत होती. एखादे उपकरण जोडायचे झाले तर त्यालाही त्याच बाहेरच्या पुरवठ्यातून तार ओढली की काम भागत असे. बोर्ड किती वीज देऊ शकतो, हा प्रश्न उद्भवतच नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या अल्टेअर ८८०० ची तऱ्हा वेगळी होती. हा एकबोर्डी संगणक नव्हे; १०० संपर्कांच्या सामाईक वाहिनीवर त्यात अनेक कार्डे उभी राहत. त्या वाहिनीतून ८ व्होल्टचा अनियंत्रित दाब धावे आणि प्रत्येक कार्ड आपल्यापुरता रेग्युलेटर बसवून त्याचे ५ व्होल्ट करून घेई. उष्णता वाटली जाई आणि एका कार्डाच्या हव्यासाचा भार दुसऱ्यावर पडत नसे. ही पद्धत खर्चिक असली तरी तिच्यात एक शहाणपण होते. पुढच्या स्वस्त बोर्डांना ते परवडले नाही.

पाच व्होल्ट हा आकडा एका पिढीच्या चिपांनी घालून दिला. १९६० च्या दशकात रुळलेल्या टीटीएल प्रकारच्या चिपा ५ व्होल्टवर चालत आणि पुढची सारी उपकरणे त्यांच्याशी जुळवून घेत गेली. पिनांमधले अंतरही तेव्हाचेच. त्या दशकाच्या मध्यावर फेअरचाइल्ड कंपनीत दोन्ही बाजूंना पाय असलेले चिपचे आवरण तयार झाले. त्यातल्या दोन पायांमध्ये इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर अंतर होते. छिद्रांचे बोर्ड, सॉकेट, रिबन केबलचे कनेक्टर, सारे याच मापाने घडत गेले. संगणक हजारपट वेगवान झाले, तरी हेडरच्या दोन पिनांमधले अंतर बहुतेक ठिकाणी तेच आहे.

बोर्डाने स्वतःहून बाहेर वीज पुरवण्याचे ठळक उदाहरण म्हणजे १९८१ चा बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा हा संगणक शाळांसाठी होता आणि त्याच्या पोटाखाली जोडण्यांची रांगच होती. त्यातला २० पिनांचा ‘युजर पोर्ट’ नीट पाहण्यासारखा आहे. आठ पिना संकेतांच्या, दोन नियंत्रणाच्या, दोन ५ व्होल्टच्या आणि तब्बल आठ ग्राउंडच्या. एवढी ग्राउंड उधळपट्टी वाटेल, पण रिबन केबलमध्ये संकेताच्या प्रत्येक तारेशेजारी ग्राउंडची तार यावी अशी ती मांडणी होती. त्यामुळे एका तारेतला संकेत शेजारच्या तारेत झिरपत नसे. डिस्क ड्राइव्हसाठी वेगळे वीज-सॉकेट होते. त्यावर ५ आणि १२ व्होल्ट, दोन्ही प्रत्येकी सव्वा अँपिअरपर्यंत मिळत. संकेतांची जोडणी आणि जड कामाची वीज यांची अशी फारकत पुढच्या स्वस्त बोर्डांवर क्वचितच दिसते. सुरुवातीच्या बीबीसी मायक्रोमधला रेखीय पद्धतीचा वीजपुरवठा फार तापत असे, म्हणून लवकरच त्याजागी स्विचिंग पद्धतीचा पुरवठा आला. तीस वर्षांनी त्याच गावात याचीच पुनरावृत्ती व्हायची होती.

मधल्या काळात एकबोर्डी संगणक कारखान्यांत आणि यंत्रांच्या पोटात गेले. तिथे १९९२ मध्ये पीसी/१०४ हे प्रमाण ठरले. १०४ पिना एकावर एक बोर्ड रचता येतील अशा बसवल्या जात, आणि वीजही त्याच चळतीतून वरखाली जाई. हौशी लोकांच्या हाती हे फारसे लागले नाही.

२००८ मध्ये आलेल्या बीगलबोर्डने चित्र पालटायला सुरुवात केली. मोबाइल फोनच्या दर्जाचा प्रोसेसर १४९ डॉलरच्या बोर्डावर मिळू लागला, आणि विस्तारासाठी २८ पिनांची जागा होती. अडचण अशी, की तिथले संकेत १.८ व्होल्टचे होते. बाजारातल्या बहुतेक सेन्सरांना ३.३ किंवा ५ व्होल्ट लागत, म्हणून मध्ये दाब बदलणारी चिप घालावी लागे. २०११ च्या बीगलबोनने हे सुधारले. त्यावर ४६ पिनांच्या दोन रांगा आणि ३.३ व्होल्टचे संकेत होते, आणि विजेचा हिशेबही उघड मांडलेला होता. त्यात ५ व्होल्टच्या पिनांचे दोन वेगळे जोड होते. एक जोड थेट वीजपुरवठ्याच्या गोल सॉकेटला जोडलेला, प्रत्येक पिनेवर एक अँपिअर देणारा. दुसरा बोर्डाच्या वीज-नियंत्रक चिपमधून येणारा, प्रत्येक पिनेवर २५० मिलिअँपिअरचा. बोर्ड नुसत्या यूएसबीवर चालवला तर पहिल्या जोडावर वीज येतच नसे. नवख्याला हे कोड्यात टाकणारे असले, तरी ५ व्होल्ट ही एकच वस्तू नाही, ते कुठून आले यावर सारे अवलंबून असते, हे या रचनेइतके स्पष्टपणे कोणी सांगितले नाही.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजमधून रास्पबेरी पाय विक्रीला आला. त्याच्या ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ या नावांतच बीबीसी मायक्रोची आठवण होती. बी ची किंमत ३५ डॉलर होती आणि हेडर २६ पिनांचे: १७ संकेतांच्या, ५ ग्राउंडच्या, ४ विजेच्या. १ आणि १७ या पिनांवर ३.३ व्होल्ट, २ आणि ४ वर ५ व्होल्ट. सुरुवातीच्या कागदपत्रांत यातल्या ४ आणि १७ सह सहा पिनांपुढे ‘जोडू नका’ असा शेरा होता. पुढे वेगळे काही करायचे झाले तर जागा राखलेली असावी, हा त्यामागचा हेतू. नंतर तो शेरा काढला गेला आणि त्या पिना वीज व ग्राउंड म्हणून पक्क्या झाल्या. १ आणि २ या पिना अगदी शेजारी. संकेतांच्या पिना ३.३ व्होल्टच्याच, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. तार एक घर सरकली तर चिप कायमची जाते. ही जागा बदलली असती तर बरे झाले असते, पण पहिल्या काही महिन्यांतच तिच्याभोवती इतकी उपकरणे तयार झाली की ते अशक्य होऊन बसले.

स्वस्ताईचा ताण विजेच्या मांडणीतच सर्वांत आधी जाणवला. बोर्डावरचे ३.३ व्होल्ट रेखीय रेग्युलेटरमधून येत. असा रेग्युलेटर जास्तीचा दाब उष्णता करून टाकतो. ५ मधून ३.३ वजा केले की १.७ व्होल्ट उरतात. अर्धा अँपिअर प्रवाह असेल तर ०.८५ वॅट नुसते तापण्यात जातात. प्रोसेसर आणि नेटवर्कची चिप यांची गरज भागवून हेडरच्या वाट्याला फक्त ५० मिलिअँपिअर उरत. दहा मिलिअँपिअरचे पाच दिवे लावले की मर्यादा संपली. ५ व्होल्टच्या पिनांवर जास्त वीज मिळे, पण तीही वीजपुरवठ्यातून बोर्डाचा स्वतःचा खर्च वजा जाता जे उरेल तेवढीच. वाटेत एक आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज होता, आणि यूएसबीच्या सॉकेटांवर प्रत्येकी १४० मिलिअँपिअरचे आणखी दोन. हे दोन इतके तोकडे पडले की साधे कळफलकही अडखळत, आणि २०१२ मध्येच ते काढून टाकावे लागले.

पहिला फ्यूज वीज आत आणणारे यूएसबी सॉकेट आणि बोर्डाची ५ व्होल्टची वाहिनी यांच्यामध्ये असल्यामुळे एक वेगळीच गोष्ट घडली. हेडरवरची ५ व्होल्टची पिन थेट त्या वाहिनीला जोडलेली. तिच्यातून वीज बाहेर काढता येते तशी आतही घालता येते, आणि आत घातली तर ती फ्यूजला वळसा घालून जाते. अनेकांनी बॅटरी याच पिनेवर जोडली. किम-१ च्या काळची दिशा अशी पुन्हा परतली, या वेळी कोणत्याही संरक्षणाविना.

जुलै २०१४ च्या बी प्लसने दोन्ही बाजू सावरल्या. रेखीय रेग्युलेटर जाऊन स्विचिंग रेग्युलेटर आले. त्यामुळे बोर्डाचा खर्च अर्धा ते एक वॅटने घटला. हेडर ४० पिनांचे झाले. पहिल्या २६ पिना जागच्या जागी राहिल्या. नव्या १४ पैकी ९ संकेतांच्या, २ जोडबोर्डाची ओळख पटवण्यासाठी आणि ३ ग्राउंडच्या. विजेची एकही पिन वाढली नाही, परतीच्या वाटा मात्र वाढल्या. बीबीसी मायक्रोच्या आठ ग्राउंडशी बरोबरी झाली. त्याच महिन्यात ‘हॅट’ हे प्रमाण आले. त्यात ६५ बाय ५६ मिलिमीटरचा जोडबोर्ड वर बसवायचा आणि त्यावरच्या छोट्या स्मृतीतून संगणकाने त्याची ओळख वाचायची. ओळखीची ही कल्पना बीगलबोनच्या जोडबोर्डांवर आधीच होती. वीज उलटी आत घालायची तर वाटेत डायोडसारखे संरक्षण हवे आणि किमान १.३ अँपिअर पुरवता आले पाहिजेत, हेही या प्रमाणात लिहून ठेवले गेले.

चाळीस पिनांमुळे एक नवा धोका मात्र उभा राहिला. जुन्या हार्ड डिस्कच्या केबलही ४० छिद्रांच्याच, त्यामुळे घरात पडलेली केबल वापरण्याचा मोह साहजिक होता. त्यातली ८० तारांची केबल डिस्कच्या सर्व ग्राउंड पिना आतल्या आत एकत्र जोडते. डिस्कच्या हिशेबात २ आणि ३० दोन्ही ग्राउंड. रास्पबेरी पायवर २ म्हणजे ५ व्होल्ट आणि ३० म्हणजे ग्राउंड. अशी केबल लावणे म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट.

त्यानंतर ४० पिनांची ही मांडणी इतरांनीही उचलली. ओड्रॉइड, एसूसचा टिंकर बोर्ड, २०१९ चा एनव्हिडियाचा जेटसन नॅनो, सर्वांनी विजेच्या पिना त्याच जागी ठेवल्या. लिनारो संस्थेने २०१५ मध्ये २ मिलिमीटर अंतराचे आणि १.८ व्होल्टचे वेगळे ४० पिनांचे प्रमाण मांडले होते. तांत्रिकदृष्ट्या ते नीटनेटके होते, पण साध्या तारा त्यात बसत नव्हत्या आणि हौशी लोकांनी ते स्वीकारले नाही. पाच डॉलरच्या रास्पबेरी पाय झिरोवर पिनाच नव्हत्या. छिद्रे होती आणि डाख ज्याचा त्याने लावायचा होता. तरी छिद्रांचा क्रम तोच.

वीजपुरवठा मात्र वाढत गेला. पाय ३ साठी अडीच अँपिअर, पाय ४ साठी ३, आणि २०२३ च्या पाय ५ साठी ५ अँपिअर. पाय ५ यूएसबी-सी तारेवरून पुरवठ्याशी बोलतो. ५ अँपिअरची खात्री मिळाली नाही तर यूएसबी उपकरणांना एकूण ६०० मिलिअँपिअरच देतो, मिळाली तर १.६ अँपिअर. हेडरच्या पिनेतून वीज आत घातली तर हे बोलणे होतच नाही आणि बोर्ड कमी मर्यादा धरून चालतो. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या ‘हॅट प्लस’ प्रमाणात आणखी एक अट घातली गेली. संगणक झोपलेला असताना ५ व्होल्टच्या पिना जिवंत आणि ३.३ व्होल्टच्या बंद असू शकतात. त्या अवस्थेतही जोडबोर्ड सुरक्षित राहिला पाहिजे.