वैद्यकीय पदवी नसलेला संशोधक आणि कोलकात्यातील एक वस्ती

अमेरिकेत अनेक पदवीधर वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी एखाद-दुसरे वर्ष सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यवृत्तीवर काम करतात. भारतात बारावीनंतर थेट एमबीबीएस सुरू होत असल्याने ही मधली वाट जवळपास नाहीच. परंतु जो डॉक्टर नाही, त्याला साथरोगाच्या कामात स्थान असावे का, हा प्रश्न कोलकात्यापुढे १३० वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

वाल्देमार हाफकिन हे प्राणिशास्त्रज्ञ. ओडेसा येथे शिकलेल्या हाफकिन यांना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रथम ग्रंथालयात काम मिळाले. तेथेच त्यांनी कॉलऱ्याची लस सिद्ध केली आणि जुलै १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले.

मार्च १८९४ मध्ये कोलकात्याच्या काठालबागान वस्तीत कॉलरा उद्भवला. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्पसन यांच्या साहाय्याने तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना लस देण्यात आली. पुढे आणखी १० जणांना कॉलरा झाला व त्यांतील ७ दगावले. हे दहाही जण लस न घेतलेले होते. निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता सुमारे ८ हजारांत एक एवढीच येते. अर्थात लस घेणारे स्वेच्छेने पुढे आले होते आणि एका घरातील रुग्ण परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. म्हणून हा आकडा पुरावा नव्हे, सबळ संकेत ठरतो. तरीही एकाच वस्तीत राहणाऱ्या दोन गटांची तुलना करण्याची ही दृष्टी त्या काळी मोलाची होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. हाफकिन यांनी तेथे नवी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही प्रथम स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये मात्र पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच कुपीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. ते डॉक्टर नाहीत, ही बाब वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मनात आधीपासूनच सलत होती. दूषण मुंबईच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर कुपी उघडताना झाले असावे, असे पुढील छाननीत दिसून आले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदींनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्यानंतर ते पुन्हा कोलकात्यात रुजू झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

१९३२ मध्ये कोलकात्यात अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि या विषयाच्या शिक्षणाला स्वतंत्र घर मिळाले. रोग्यावर उपचार करण्यासाठी वैद्यकीय पदवी अनिवार्यच आहे. पण पाणी तपासणे, घरोघर नोंदी ठेवणे, लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करणे, ही कामे प्राणिशास्त्राचा वा सांख्यिकीचा पदवीधरही शिकू शकतो. आपल्या शिक्षणक्रमात त्याच्यासाठी जागा किती, हा विचार विद्यार्थ्यांनी आणि विद्यापीठांनी अवश्य करावा.