पाणी न घातलेल्या पिठाची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या गावात बेकरी पदार्थांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. नानकटाई झाली, खारी झाली. शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी 'क्रंबल' नावाचा एक विलायती गोड पदार्थ दाखवला. पसरट भांड्यात फळाच्या फोडी घातल्या. दुसऱ्या परातीत पिठाला लोणी चोळलं, साखर मिसळली, आणि ते कोरडं पीठ तसंच फळावर पसरून भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. आमच्या गटातल्या आक्का पुढेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, मोहन घातलंत, पण पीठ मळायचं राहिलं की!"

सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. पण आक्कांचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता, त्यामुळे एखाद्या गोष्टीच्या मागे लागायची सवय आहे. वाचत गेले तेव्हा कळलं की आक्का गमतीनं बोलल्या, पण नेमकं बोलल्या. आज तीच गोष्ट सांगते.

इंग्लंडमध्ये फळांचा जुना पदार्थ म्हणजे 'पाय'. आपल्या करंजीला जशी पारी लागते, तशी त्याला मैद्याची जाड पोळी लागते. एक पोळी भांड्याच्या तळाला, मधे फळ, वर दुसरी पोळी. त्यासाठी मोहन भरपूर हवं, पीठ पांढरं आणि चांगलं हवं, लाटायला जागा आणि वेळ हवा. क्रंबलमध्ये यातलं बरंच वाचतं. खालची पोळी नाही, लाटणं नाही, पाणीही नाही. मोहन चोळून झालं की काम तिथंच थांबवायचं.

हे जमतं कसं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शंकरपाळ्याला मोहन कमी पडलं की तो दाताला लागतो, बरोबर असलं की खुसखुशीत होतो. पिठात पाणी गेलं आणि मळलं की त्याला चिकटपणा येतो, तार येते. आधी लोणी किंवा तूप चोळलं की पिठाच्या कणाकणाला स्निग्धपणाचं अस्तर बसतं आणि तो चिकटपणा धरत नाही. क्रंबलमध्ये तर पाणीच नाही. म्हणून भाजल्यावर वरचा थर भुसभुशीत होतो, आणि खालून फळाचा रस उकळून त्याच्या कडांत मुरतो.

आता मुद्दा असा, की हा पदार्थ घराघरांत पोचला तो कधी? तर दुसऱ्या महायुद्धात, टंचाईच्या दिवसांत.

युद्ध 1939 मध्ये सुरू झालं. ब्रिटन हे बेट. त्यांच्या खाण्यातला निम्म्याहून बराच जास्त माल बोटींनी बाहेरून यायचा. जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवायला लागल्या. मग सरकारनं 8 जानेवारी 1940 पासून रेशन सुरू केलं. आधी लोणी, साखर आणि डुकराचं खारवलेलं मांस, मग एकेक करून चहा, चीज, मुरंबे. प्रत्येकाला कुपनांचं पुस्तक मिळालं, राजघराण्यालाही. प्रमाण काळानुसार कमीजास्त व्हायचं, पण साधारणपणे मोठ्या माणसाला आठवड्याला लोणी 57 ग्रॅम, साखर 227 ग्रॅम आणि ताजं अंडं एक.

आपण हिशोब करू या, आपल्याला हिशोबाची सवय आहे. चार माणसांच्या घरात आठवड्याचं लोणी झालं 228 ग्रॅम. आजच्या पुस्तकी प्रमाणानं एका क्रंबलला 100 ग्रॅम लोणी लागतं. म्हणजे एका संध्याकाळच्या गोडासाठी घरातलं जवळजवळ अर्ध्या आठवड्याचं लोणी गेलं. पायला तर त्याहून जास्त. मग त्या बायकांनी काय केलं? लोणी निम्म्यावर आणलं, त्याच्या जागी मार्गरिन घेतलं. पिठात ओट्स मिसळले, कुठे शिळ्या पावाचा चुरा मिसळला. 1942 नंतर पांढरा मैदाही मिळेना, कोंड्याचं करडं पीठ आलं. त्या पिठाची पोळी नीट लाटली जात नाही, पण चुरा चांगला होतो. फळाला मात्र रेशन नव्हतं. परदेशातली केळी बंद झाली होती, पण परसातलं सफरचंद होतं, प्लम होते, कुंपणावरच्या ब्लॅकबेरी होत्या, ऱ्हुबार्बचे आंबट देठ होते. खाली घरचं फळ आणि वर जेवढं असेल तेवढं पीठ. क्रंबल असा घराघरांत गेला.

तुम्ही हे रेडिओवर ऐकताय, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या काळात बीबीसी रेडिओवर 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम असायचा. रोज सकाळी सव्वाआठला, पाचच मिनिटं. बायका बाजाराला निघायच्या आधी ऐकायच्या. आज बाजारात काय मिळेल, आहे त्यात काय करता येईल, हे तिथे सांगायचे. एल्सी आणि डोरिस वॉटर्स या दोघी बहिणी 'गर्ट आणि डेझी' बनून गमतीगमतीत पाककृती सांगायच्या. सैनिक आघाडीवर लढतात, तशी स्वयंपाकघर ही पण एक आघाडी आहे, असा त्या नावाचा अर्थ. बायकांचं रोजचं काम देशाच्या कामात धरलं गेलं, हे मला त्यात मोठं वाटतं.

पण इथे दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अर्धाच इतिहास सांगितला असं होईल. तेव्हा आपल्यावर राज्य त्याच सरकारचं होतं. त्यांच्या देशात भाव बांधलेले, वाटप ठरलेलं, कमी का होईना पण सगळ्यांना मिळत होतं. इकडे बंगालमध्ये 1943 साली दुष्काळ पडला. ब्रह्मदेश जपाननं घेतला, तिकडून येणारा तांदूळ थांबला. ऑक्टोबर 1942 मध्ये चक्रीवादळानं पिकं गेली. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांच्या होड्या सरकारनं आधीच काढून घेतल्या होत्या. तांदळाचा भाव गरिबाच्या हातात राहिला नाही. किती माणसं गेली याचे अभ्यासकांचे अंदाज वीस ते तीस लाखांच्या घरात आहेत. आपल्या मुंबईत मे 1943 मध्ये धान्याचं रेशन सुरू झालं. आज आपल्या फडताळात जे रेशन कार्ड असतं, त्याची मुळं त्या वर्षांत आहेत. तेव्हा टंचाई दोन्हीकडे होती. वाटप कसं झालं, त्यावर कोण जगलं आणि कोण गेलं ते ठरलं.

आता फळांकडे परत येते. 1940 पासून खेड्यापाड्यात फळ खूप, पण ते टिकवायला साखर नाही, अशी अडचण होती. तेव्हा पुढे आल्या 'विमेन्स इन्स्टिट्यूट'च्या बायका. ही त्यांची गावोगावची मंडळं, आपल्या बचत गटांची लांबची बहीणच म्हणा. पहिलं मंडळ 1897 मध्ये कॅनडात निघालं. ते काढायला पुढाकार घेणाऱ्या ॲडलेड हूडलेस यांचं तान्हं बाळ गेलं होतं, आणि ते दूषित दुधानं गेलं असं मानलं जातं. घरातल्या बाईला स्वच्छतेचं आणि आहाराचं शिक्षण मिळालं पाहिजे, हा ध्यास त्यांनी घेतला. 1915 मध्ये वेल्समधल्या एका खेड्यात ब्रिटनमधलं पहिलं मंडळ सुरू झालं. युद्धात या मंडळांना सरकारकडून साखर मिळाली आणि त्यांनी गावातल्या सभागृहांत, शाळांत, कुणाच्या स्वयंपाकघरात चुली पेटवल्या. 1940 ते 1945 या काळात पाच हजार टनांहून जास्त फळ त्यांनी वाया जाऊ दिलं नाही. त्याचा जॅम झाला, डबे भरले गेले.

एवढं काम करणाऱ्या बायकांपैकी किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत? क्रंबल कोणी पहिल्यांदा केला, तिचंही नाव कुठल्या पाटीवर नाही. त्याच काळात बटाटा, गाजर, फुलकोबीचा एक पाय निघाला. तो केला लंडनच्या सव्हॉय हॉटेलच्या आचाऱ्यानं, आणि नाव पडलं 'वूल्टन पाय', कारण अन्नमंत्री होते लॉर्ड वूल्टन.

आणखी एक उदाहरण आहे, ते मला जास्त लागलं. इंग्लंडमध्ये क्रंबलसाठी सगळ्यात पसंतीचं सफरचंद म्हणजे 'ब्रॅम्ली'. आंबट, मोठं, शिजल्यावर लगेच मऊ होणारं. त्याचं पहिलं झाड उगवलं साउथवेल नावाच्या गावात. 1809 साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं परसात सफरचंदाच्या बिया लावल्या. एक रोप जगलं. पुढे तिचं लग्न झालं, ती गावातून गेली. 1846 मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं विकत घेतलं. दहा वर्षांनी एका रोपवाटिकेतल्या तरुणानं झाडाच्या फांद्या कलमासाठी मागितल्या. ब्रॅम्ली म्हणाला, ने, पण फळाला माझं नाव दे. तोवर मेरी ॲन वारली होती. आपण लावलेल्या बीचं पुढे काय झालं हे तिला कधी कळलंच नाही.

हे वाचलं आणि मला आमच्या अंजिराच्या बरण्या आठवल्या.

आमच्याकडे अंजीर होतं. तुम्हाला माहीत आहे, पिकलेलं अंजीर दोन दिवससुद्धा थांबत नाही. मऊ पडलेला, फुटलेला माल पेटीत जात नाही, तो बांधावर टाकला जायचा. आक्कांनी त्याचा जॅम करून पाहिला. शेवटी लिंबाचा रस घालायचा, म्हणजे गोडी मारली जाते आणि जॅम नीट धरतो, हे त्यांचं स्वतःचं. गटानं मिळून 40 बरण्या केल्या. तेव्हा आमच्याकडे परवाना नव्हता, लेबल नव्हतं. एका व्यापाऱ्यानं सगळ्या बरण्या 90 रुपयांप्रमाणे उचलल्या. दोन महिन्यांनी तालुक्याच्या ठिकाणी आम्ही त्याच बरण्या पाहिल्या. वर त्याचं लेबल, 'आमच्या घराण्याची खास पाककृती', आणि किंमत 220 रुपये.

आमच्यातल्या एकीनं तिथंच भांडण काढलं. पण दाखवायला आमच्याकडे काय होतं? कृती आक्कांच्या डोक्यात. माप त्यांच्या ओंजळीत. वहीत नोंद फक्त एवढीच, 'जॅम विक्री, 3600 रुपये'. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. आक्का एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे, बाईच्या हाताला कुठं नाव असतंय."

ते वाक्य मला खोडता आलं नाही. परवाच्या बैठकीत मी मेरी ॲनची गोष्ट सांगितली. आक्का बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझं लिही. लिंबू किती, ते पण लिही."

आम्ही बचत वहीसोबत आता दुसरी वही ठेवली आहे. पदार्थाचं नाव, करणारीचं पूर्ण नाव, गाव, तारीख, वजनी माप, आणि गटाच्या सगळ्या जणींच्या सह्या. परवान्याचा अर्जही केला आहे. वही म्हणजे काही कोर्टाचा कागद नाही, हे मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी कुणी विचारलं तर आमच्याकडे पान असेल.

त्या वहीच्या पहिल्या पानावर अंजिराचा जॅम आहे. दुसऱ्या पानावर आम्ही आमचा क्रंबल लिहिला. तुम्हीही लिहून घ्या.

फळ 800 ग्रॅम. पेरू, अंजीर, सफरचंद, जे परसात किंवा बाजारात स्वस्त असेल ते. फोडी करून त्यावर एका लिंबाचा रस आणि फळाच्या गोडीप्रमाणे दोन ते चार चमचे साखर. वरच्या थरासाठी गव्हाचं पीठ 200 ग्रॅम, घट्ट तूप 80 ग्रॅम, साखर 100 ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि वेलदोडा. तूप पिठाला बोटांनी चोळायचं. मूठ वळली की मुटका व्हावा आणि बोटानं दाबला की फुटावा, एवढं मोहन. साखर मिसळून हा चुरा फळावर पसरायचा, दाबायचा नाही. ओव्हन 180 अंशांवर, 35 ते 40 मिनिटं, वरून तांबूस होईपर्यंत.

ओव्हन नसेल तर अडायचं नाही. फळ जाड पातेल्यात मऊ शिजवून घ्या. तूप चोळलेलं पीठ कढईत मंद आचेवर खमंग भाजा. आच बंद करून थोडं निवलं की साखर मिसळा, आणि वाढताना गरम फळावर घाला.

आणि लिहिताना एक करा. माझ्या मापात तुम्ही जे बदलाल, ते तुमच्या नावानं लिहा. येत्या मासिक बैठकीत प्रत्येकीनं एक पदार्थ सांगायचा आणि जिला लिहिता येतं तिनं तो उतरवून घ्यायचा. सही येत नसेल तर अंगठा चालेल, पण नाव पूर्ण घ्या.