ब्रेकमधली हवा

ब्रेकची हवा काढून झाली, चारही निपल घट्ट केले, टाकीत नवं तेल भरलं आणि पेडलवर पाय ठेवला, तर तो ओल्या गादीवर ठेवल्यासारखा आत गेला. गाडी बाळगणाऱ्या माणसाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. गॅरेजवाले म्हणतात, पेडल स्पंजी लागतंय. मग कुणीतरी हात पुसत सांगतो, ‘चालवा साहेब, दोन दिवसांत सेट होईल.’ मला हे वाक्य फार धोक्याचं वाटतं. का वाटतं, ते सांगायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागेल.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळयांवर आणि तारांवर चालत. पेडल दाबलं की सळई ओढली जाई आणि चाक धरलं जाई. चार चाकांच्या चार सळया सारख्या ताणात ठेवणं महाकठीण. एक जरी सैल पडली, तरी ब्रेक लावताच गाडी एका अंगाला खेचली जाई. म्हणून कितीतरी गाड्यांना पुढच्या चाकांना ब्रेकच नसत. खरं तर यावरचा उपाय केव्हाच सांगून झाला होता. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सगळीकडे सारखा पोहोचतो, हे फ्रान्सच्या पास्कलनं सतराव्या शतकात मांडलं. १७९५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामानं त्यावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. मोटारीच्या चाकापर्यंत यायला मात्र त्या नियमाला आणखी सव्वाशे वर्षं लागली.

ते काम केलं अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडनं. भावाबरोबर विमानं बांधणारा हा माणूस. विमानांच्या जगात गाजलेलं लॉकहीड हे नाव याच घराण्याचं. १९१७ साली त्यानं तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीनं चारही चाकांना असे ब्रेक लावलेली प्रवासी गाडी बाजारात आणली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल मां इथं झालेली ग्रां प्री शर्यत जिमी मर्फीनं ड्यूसेनबर्ग चालवून जिंकली. त्या शर्यतीच्या गाडीलाही तेलाचेच ब्रेक होते.

एवढं झालं, तरी घोडं एका ठिकाणी अडलेलंच होतं. सिलिंडरमधल्या दट्ट्याभोवती लॉकहीडनं चामड्याच्या वाट्या बसवल्या होत्या. चामडं वाळायचं, आकसायचं, गळायचं. आणि तेल जिथून बाहेर येतं, तिथूनच हवा आत जाते. १९२४ साली क्रायस्लरची नवी गाडी आली, तोवर तिच्या इंजिनीअरांनी चामड्याच्या जागी रबराच्या वाट्या आणल्या होत्या. आज गॅरेजमध्ये ‘ब्रेकचं किट टाकलं’ म्हणतात, ते किट म्हणजे त्या वाट्यांचीच नातवंडं. हेन्री फोर्ड मात्र १९३९ सालच्या मॉडेलपर्यंत सळया सोडायला तयार झाला नाही. लोक त्याला हट्टी म्हणतात. असेलही. पण मला त्याच्या हट्टात थोडं तथ्य दिसतं. सळई तुटली तर डोळ्यांना दिसते. नळीतली हवा दिसत नाही.

हवा एवढी वैरीण का, याचा एकदा हिशेब मांडून पाहू. तेल दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही. हवा आकसते. समजा, नळीत एक सीसी हवा राहिली, म्हणजे चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्शाएवढी. दाब दहापट झाला की ती एक दशांश उरते. रिकामी झालेली जागा भरायला मास्टर सिलिंडरला पाऊण सेंटीमीटर नव्हे, फक्त तीन मिलिमीटर जास्त सरकावं लागतं. पण पेडल ही तरफ आहे. साधारण पाचास एक असं तिचं प्रमाण धरलं, तर पाय दीड सेंटीमीटर जास्त आत जातो. पाचव्या हिश्शाच्या चमच्याचं हे मोल! असे दोन-तीन बुडबुडे असले की पेडल थेट फरशीला.

इंग्रजीत या कामाला ब्लीडिंग म्हणतात, म्हणजे रक्त काढणं. आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात, हवा काढणं. मला आपलाच शब्द अधिक खरा वाटतो, कारण तेल जातं ते निव्वळ नाइलाजानं, काढायची असते हवा. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज होतं. तिथं अँबॅसेडर आणि फियाट उभ्या असत. दोन्हींना चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. उस्ताद गाडीखाली आडवा आणि शागीर्द पोरगा पेडलवर. खालून आवाज यायचा, ‘दबा... पकड... छोड.’ पोरगा पाय दाबून धरायचा, उस्ताद निपल उघडून बंद करायचा, मग पाय सुटायचा. हा क्रम एकदा चुकला, निपल उघडं असताना पाय उचलला गेला, की काढलेली हवा परत आत. त्या तीन शब्दांचा ताल मी अजून विसरलेलो नाही.

त्या उस्तादाची सगळी परीक्षा पायाची होती, आणि ती आजही तशीच चालते. पेडल दोन-तीनदा पंप केलं आणि ते वर आलं, तर वर आल्यावर कसं लागतं ते पाहायचं. वर येऊनही स्प्रिंगसारखं लिबलिबत असेल, तर हवा आहे. वर येऊन दगडासारखं घट्ट होत असेल, तर हवेला उगाच दोष देऊ नये. ड्रम आणि लायनर यांच्यात फट जास्त आहे, ती ॲडजस्ट करावी. पाय एकसारखा दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं, बाहेर कुठं गळतीही नाही, तर मास्टर सिलिंडरची रबरी वाटी आतल्या आत तेल सोडते आहे. जुन्या गाडीत हे बरेचदा हवा काढतानाच होतं. रोज पेडल जिथवर जात नाही, त्या गंजलेल्या भागात दट्ट्या ढकलला जातो आणि वाटी फाटते. म्हणून जाणता मिस्त्री पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवतो. आणि हवा नाही, फट नाही, वाटीही शाबूत आहे, तर एकानं पेडल दाबावं आणि दुसऱ्यानं रबरी होज मुठीत धरावा. जुना होज हाताला फुगलेला कळतो.

काढूनही हवा राहते ती कुठे? हवा वर चढते, म्हणून निपल वरच्या बाजूला असतं. डिस्क ब्रेकचे डावे-उजवे कॅलिपर काम करताना उलटे बसले, तर निपल खाली जातं आणि मग दहा बाटल्या तेल ओतलं तरी वरचा बुडबुडा हलत नाही. नवा मास्टर सिलिंडर आधी बाकावर तेलानं भरून न घेता लावला, तर त्याच्याच पोटात हवा राहते. काम चालू असताना टाकीतलं तेल तळाला गेलं, तर सगळं पहिल्यापासून. चाकांचा क्रम जुन्या पद्धतीत सर्वांत लांबच्या चाकापासून धरतात, आपल्याकडे बहुधा मागच्या डाव्या. नव्या गाड्यांत तो वेगळा असू शकतो, तेव्हा कंपनीचं पुस्तक पाहावं. एबीएस हे मर्सिडीजच्या गाडीत १९७८ साली आलं आणि भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं. त्याच्या बारीक झडपांत अडकलेली हवा काढायला बरेचदा संगणक जोडून झडपा उघडाव्या लागतात. ते यंत्र नसलेल्या गॅरेजनं तसं सरळ सांगावं, त्यात कमीपणा नाही.

एक पाहुणा मात्र आपल्या पावसाळ्यात अधिकच येतो, तो म्हणजे पाणी. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ जातीच्या कोऱ्या तेलाचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावरची मर्यादा १४० अंशांची आहे. कसाऱ्याचा किंवा आंबोलीचा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरताना चाकापाशी उष्णता साचते, तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच आकसते. गॅरेजमध्ये घट्ट लागलेलं पेडल मग अर्ध्या घाटात मऊ पडतं. उघड्या बाटलीतलं उरलेलं तेल पुढच्या वर्षी वापरू नये, ते एवढ्याचसाठी.

तेव्हा ‘सेट होईल’ हे ऐकून गाडी ताब्यात घेऊ नका. नळीच्या उंचवट्यावर किंवा कॅलिपरच्या डोक्यात अडकलेला बुडबुडा गाडी चालवून निघत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पंप करा, पाय दाबून धरा, मग इंजिन चालू करा. त्या वेळी पेडल किंचित खाली सरकेल. ती हवा नव्हे, बूस्टर मदतीला आला. तिथं पाय घट्ट थांबला पाहिजे. मिनिटभर दाबून धरा. मग मोकळ्या आवारात सावकाश दोन-चारदा ब्रेक लावून पाहा, आणि त्यानंतरच फाटकाबाहेर.