यंत्राला काय सांगावे?

कृत्रिम बुद्धिमत्तेची नीती हा आता जगातील अनेक विद्यापीठांत अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला आहे. त्यासाठी प्राध्यापक नेमले जातात, ग्रंथ लिहिले जातात. नागभीडसारख्या धानाच्या मुलखाला हा विषय दूरचा, अशी समजूत सहज होते. ती बरोबर नाही, असे आम्हांस वाटते.

या विचाराच्या आद्य प्रवर्तकांत नॉर्बर्ट वीनर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८९४ साली अमेरिकेत जन्मलेल्या या पुरुषाने वयाच्या अठराव्या वर्षी हार्वर्ड येथे तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट मिळविली आणि पुढे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत गणित शिकविण्यात आयुष्य घालविले. दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांचा नेम यंत्राने कसा साधावा, यावर त्यांनी संशोधन केले. परंतु हिरोशिमानंतर त्यांचे मन पालटले. क्षेपणास्त्रांच्या कामासाठी आपले लेखन देणार नाही, असे त्यांनी जानेवारी १९४७ मध्ये जाहीरपणे कळविले. १९४९ साली, स्वयंचलित कारखान्यांमुळे मजुरांवर बेकारी ओढवेल, असा इशारा त्यांनी मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर यांना पत्राने दिला. समाज समजून घ्यावयाचा तर त्यातील निरोपांची देवघेव समजली पाहिजे, हा त्यांच्या १९५० च्या ग्रंथाचा गाभा होय.

वीनर यांचे नाते आपल्या माणसांशीही जुळले होते. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. वीनर यांचा परिचय त्यांना तेथेच घडला. पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून कोसंबी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी त्यांनी इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास केला. तरीही यंत्राच्या नवलाईने ते भुलले नाहीत. अणुशक्तीच्या खर्चिक योजनांवर टीका करून, आपल्या उन्हाच्या देशात सूर्यशक्तीचा उपयोग का करू नये, असे ते विचारीत. वीनर स्वतः १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहिले. मूळचे मुंबईचे गणिती पेसी मसानी यांनी त्यांच्याबरोबर संशोधन केले आणि १९९० साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

वीनर यांचा मुख्य सिद्धांत १९६० च्या एका लेखात आढळतो. यंत्राचा वेग माणसाला आवरणार नाही. म्हणून जो हेतू आपण यंत्रात घालतो, तोच खरोखर आपल्या मनातला आहे ना, याची खात्री आधी करून घ्यावी, असे ते बजावतात.

याची प्रचीती घेण्यास परदेशी जावयास नको. आज राईस मिलमध्ये कॅमेऱ्याने रंग पाहून तांदूळ निवडणारी यंत्रे असतात. वेगळ्या रंगाचा दाणा दिसला की यंत्र तो फुंकून बाजूला टाकते. सांगितलेले काम ते चोख करते. आता नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. १९८३ च्या सुमारास धानाच्या बांधीत त्यांना तीन पिवळसर, वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि त्यातून एच.एम.टी. हे वाण सिद्ध झाले. नाव त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून घेतले! वेगळे तेवढे टाकून दे, एवढीच आज्ञा मिळालेल्या यंत्राने त्या लोंब्या पहिल्याच दिवशी फेकल्या असत्या.

यात यंत्राचा दोष नाही. काय टाकावे आणि काय राखावे, हे ठरविणारा माणूसच असतो. उद्या कर्जाचा अर्ज, शाळेचा प्रवेश, नोकरीची निवड अशाच यंत्रांकडे जाईल, तेव्हा ही आज्ञा कोणी लिहिली आणि तिच्यामुळे कोण बाजूला फेकला गेला, हे विचारण्याचा हक्क नागभीडच्या नागरिकालाही आहे. तो हक्क सोडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.