तसबिरीवरची जर

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर रंगवलेली चित्रे आजही पाहता येतात. अठराव्या शतकात घरात चित्र असणे म्हणजे आधी तशी भिंत असणे आणि मग चिताऱ्याला पोसण्याची ऐपत असणे. सामान्य घरातील मातीच्या भिंतीवर उमटत ते नागपंचमीचे गंधाने काढलेले नाग. पुढच्या सारवणात तेही पुसले जात.

हे चित्र बदलले ते शिळाछापाने, आणि त्यात एका निबंधकाराचा हात होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर म्हटले की आपल्याला 'निबंधमाला' आठवते, 'केसरी' आठवतो; 1878 साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने निघालेली चित्रशाळा मात्र वाङ्मयेतिहासात अर्ध्या ओळीत आटोपते. वस्तुतः तोही त्यांच्या लेखनाचाच विस्तार होता असे मला वाटते. ज्यांच्यापर्यंत 'माले'चे संस्कृतप्रचुर गद्य पोचणे शक्य नव्हते, त्यांच्या घरात चित्रशाळेचे रामपंचायतन गेले, मराठेशाहीतील पुरुष गेले. त्यांत नाना फडणवीसही होते. ज्यांच्या वाड्यात चितारी राबले, तेच नाना कागदावर छापले जाऊन खणदोनखणांच्या बिऱ्हाडात खिळ्याला टांगले गेले!

1894 साली राजा रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला. जर्मन यंत्रे, जर्मन कारागीर. दगडावर स्निग्ध शाईने आकृती काढायची, दगड ओला करायचा, म्हणजे छपाईचा रंग आकृतीपुरताच धरतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद पुन्हापुन्हा प्रत्येक दगडावर नेमक्या जागी बसवायचा. पुढे हा कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी या छापखान्यासाठी काम केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. मालक बदलला तरी सरस्वती आणि लक्ष्मी छापल्या जातच राहिल्या.

1907 साली आनंद कुमारस्वामींनी रविवर्मांच्या कलेवर कठोर टीका केली. मूळ तैलचित्रांचीच ही गत, तर त्यांच्या छापील नकलांना कोण विचारतो? त्या 'बाजारू' ठरल्या आणि पुढे 'कॅलेंडर आर्ट' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा रूढ झाला. या टीकेत तथ्य नाही असे नाही. एकाच चेहऱ्याच्या हजारो देवी पाहून डोळा आळसावतो खरा. पण टीकाकारांनी चित्र पाहिले ते छापखान्यातून बाहेर पडताना. ते घरात शिरल्यावर त्याचे काय झाले, हे पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

घरात त्याची तसबीर होई. हा फारसी वळणाचा शब्द मराठीत केवळ 'चित्र' या अर्थी उरला नाही. त्याला चौकट आली, काच आली, हार आला. आणि कित्येकदा काच बसवण्यापूर्वी त्यावर सुई-कात्री चाले. देवीच्या छापील साडीच्या आकाराबरहुकूम रेशमाचा तुकडा कापून चिकटवायचा, काठाला जर लावायची, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या. चेहरा व हात तेवढे छापाचे राहत. बहुधा घरातील स्त्रियाच हे करीत, आणि जुन्या लुगड्याचा फाटका पदर त्यासाठी पुरत असे. छाप हजारोंनी निघाला असला तरी हा पदर दुसऱ्या कोणत्याही घरी नव्हता. छापील प्रतीला 'एकमेव' करण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा कोणता असेल?

अशा जरीच्या लक्ष्म्या आता संग्राहकांकडे आणि लिलावांत दिसतात. 1972 साली मळवलीच्या छापखान्याला आग लागून बरेच काही नष्ट झाले, त्यामुळे घरांतून आलेल्या या प्रतींचे मोल वाढले आहे. त्यांखालच्या चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव असते, छापखान्याचेही असते. टिकल्यांच्या बाबतीत बहुधा एवढीच नोंद मिळते: 'सुशोभित प्रत'.