दिनविशेष : १८ जानेवारी

१८४२ : न्या. महादेव गोविंद रानडे यांचा निफाड येथे जन्म. बालपण मात्र गेले कोल्हापुरात.

प्रार्थना समाज, सामाजिक परिषद, पुण्यात १८८४ साली सुरू झालेली मुलींची हुजूरपागा शाळा हे सारे पाठ्यपुस्तकात येते. फारसा सांगितला जात नाही तो प्रसंग १८९६च्या सुमाराचा. गांधी दक्षिण आफ्रिकेतून थोडे दिवस आले होते. तिथे हिंदी माणसाला पदपथावरून चालू देत नाहीत, पहिल्या वर्गाच्या डब्यात बसू देत नाहीत, हे ऐकून देश संतापला होता. रानड्यांनी मुंबईत हिंदू युनियन क्लबच्या सभेत भाषण केले आणि गोऱ्यांचा निषेध करता करता प्रश्न श्रोत्यांकडेच वळवला : ही कळकळ फक्त परदेशी गेलेल्या देशबांधवांपुरतीच का? इथल्या अस्पृश्यांना आपण कसे वागवतो? सभेला हे रुचले असेल असे वाटत नाही. गोखल्यांनी १९०३मध्ये धारवाडच्या सामाजिक परिषदेत ही आठवण सांगितली, म्हणून ती टिकली.

रानडे निर्दोष नव्हते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. पुढे त्यांना शिकवलेही.

निफाडशेजारच्या येवल्यात १९३५ साली धर्मांतराची घोषणा करणारे डॉ. आंबेडकर १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या १०१व्या जयंतीला, पुण्यात डेक्कन सभेच्या व्यासपीठावर त्यांच्यावरच बोलले.